बघायचं नांदेड, राहायचं नांदेड

पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली आपली मुलं-मुली सुट्टीत मित्रमैत्रिणींना घेऊन येतात आणि फोन करून विचारतात, 'दोन दिवस आहेत, काय काय दाखवू?' हा प्रश्न मला आवडतो. काही वर्षांपूर्वी तो 'आपल्या गावात दाखवायला आहे तरी काय?' असा, जरा कसनुसं होऊन विचारला जायचा. आता त्यात थोडी ऐट असते. म्हणून यंदाचं संपादकीय त्या उत्तरापासूनच सुरू करतो. पुढचं बोलणं मात्र पाहुण्यांसाठी नाही.

सुरुवात सचखंड हुजूर साहिबपासून, हे वेगळं सांगायला नको. १७०८ साली गुरू गोविंदसिंघजी मुघल बादशहा बहादूरशहाबरोबर दख्खनेत आले. गोदावरीकाठी मुक्काम पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इथंच त्यांचं देहावसान झालं. आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू, हे त्यांनी सांगितलं ते याच गावात. त्यांच्यावर वार करणारे पठाण होते हे मित्रांनी विचारलं तर टाळू नका. जखम शिवायला बादशहानं शल्यवैद्य पाठवल्याचं परंपरा सांगते, तेही सांगा. आजची वास्तू १८३०च्या दशकात महाराजा रणजितसिंघांनी उभारली. पैसा आणि कारागीर पंजाबचे, भूमी निजामाच्या राज्यातली. बंदाघाट दाखवा, तिथल्या माधोदास बैराग्याचा पुढे बंदासिंघ बहादूर झाला. नगीनाघाटावर संध्याकाळी बसा, लंगरमध्ये पंगतीत जेवा. आणि पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेल्या दखनी शीख कुटुंबातल्या कुणाशी दोन वाक्यं बोला. पंजाबच्या पाहुण्यापेक्षा त्यांची बोली तुमच्या आजीच्या बोलीला जवळची वाटेल.

मग किल्ला. नंदगिरीचा किल्ला तीन बाजूंनी गोदावरीनं वेढलेला आहे. गावाचं नाव तर त्याहून कितीतरी जुनं, वाशिमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात ते 'नांदीकट' असं येतं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत किल्ल्यातल्या बागेचं कौतुक असतं. माझं लक्ष तिथल्या जुन्या वॉटर वर्क्सकडे जातं. राज्यकर्त्यांची तटबंदी आणि रयतेचं पाणी एकाच आवारात, असं दृश्य प्रत्येक शहरात बघायला मिळत नाही.

दुसरा दिवस शहराबाहेरचा. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला आहे, जगत्तुंग सागर आहे आणि हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे, तिन्ही एका फेरीत होतात. देगलूरकडे जायचं असेल तर होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आणि बिलोलीची दगडी मशीद. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणारे कित्येक जण सोनापीरालाही थांबतात, त्यात त्यांना काही विशेष वाटत नाही. विशेष वाटतं ते आपल्याला, बातम्या जास्त बघितल्या की. (खाण्याचं इथं मुद्दाम लिहीत नाही. तहारी कुणाची चांगली यावरून मागे आमच्याच संपादक मंडळात दोन तट पडले होते.)

पाहुण्यांसाठी एवढं पुरे. पण सप्टेंबरात आलेला मित्र हमखास आणखी एक प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर आपल्या मुलांना देता येत नाही. १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदन होतं, भाषणात 'रझाकार' शब्द येतो आणि वर्गातल्या दोन-चार माना नकळत आपल्याकडे वळतात. हा अनुभव इतक्या जणांनी मला सांगितला आहे की तो कुणा एकाचा राहिलेला नाही. अशा वेळी गप्प बसायचं किंवा चिडायचं, एवढंच आपण शिकवत आलो. माहिती शिकवली नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी शेजारच्या लातूरचा वकील होता, हे खरं. त्याच्या संघटनेविरुद्ध आणि हैदराबादनं भारतात सामील व्हावं यासाठी लिहिणारा 'इमरोज'चा तरुण संपादक शोएबुल्लाह खान ऑगस्ट १९४८मध्ये मारला गेला, हेही तितकंच खरं. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार आले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी नांदेडचं नाव घातलं आणि तो अहवाल पुढे कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगता आल्या पाहिजेत. यातली एखादीच सांगणारे लोक दोन्हीकडे भरपूर आहेत, त्यांच्यात भर घालायची गरज नाही. झेंडावंदनाला आपण पहिल्या रांगेत उभं राहावं असं माझं मत आहे, आणि त्यासाठी कुणाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही.

हैदराबाद राज्यानं आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मागे ठेवली आहे. ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. कागद. १९४८पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत चालायचा. जमिनीचे खासरे, पाहणीपत्रकं, इनामाचे मुंतखब, न्यायालयाचे निवाडे, सगळं उर्दूत, आणि तेही बरंचसं शिकस्ता वळणात, म्हणजे घाईघाईनं मोडून लिहिलेल्या अक्षरात. २०२३मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांतली ही दप्तरं पुन्हा उघडली आणि ती वाचणार कोण हा प्रश्न उभा राहिला. मोडी जाणणारे शोधले गेले, तसे उर्दू जाणणारेही. सप्टेंबर २०२५मध्ये हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला आणि त्या कागदांना आणखी भाव आला.

म्हणजे बघा, पणजोबाची नोंद शोधणारा लोह्याचा किंवा मुखेडचा मराठा शेतकरी आज उर्दू वाचणाऱ्याच्या दारात उभा आहे. आणि दारामागे कोण आहे? निवृत्त उर्दू शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, बहुतेकांना मोतीबिंदू. त्यांची नातवंडं उर्दू माध्यमात शिकली तरी छापील नस्तालीकच वाचू शकतात, शिकस्ता बघितला की मान हलवतात. इंग्रजी माध्यमातली तर अलिफ-बे विसरलेली. दिलीपकुमारांचं नाव दिलेलं उर्दू घर २०२१मध्ये आपल्या शहरात सुरू झालं, तिथं मुशायरे व्हावेत, जरूर व्हावेत. पण आठवड्यातून एक संध्याकाळ शिकस्ता वाचायला शिकवणारा वर्ग तिथं का भरू नये? दोनच वर्षांत मराठी लिहिणारी आणि जुनी उर्दू वाचणारी वीस-पंचवीस मुलं-मुली तयार झाली, तर या जिल्ह्याचा महसूल इतिहास त्यांच्याशिवाय वाचताच येणार नाही. यात पोटापाण्याचं कामही आहे. वक्फच्या मिळकतींची कागदपत्रं 'उमीद' पोर्टलवर चढवायची घाई २०२५च्या शेवटी झाली, तेव्हा मुंतखब हातात धरून तो कुठून कुठे वाचायचा हे न कळणारे मुतवल्ली आपण सगळ्यांनीच बघितले.

जुन्या कागदांचं हे असं. नव्या कागदांचं काय?

नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ सालची. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. २००८मध्ये गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला आणि त्याच्या निमित्तानं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात या शहरात पूर्वी कधी आला नव्हता एवढा पैसा आला. रस्ते रुंद झाले, पूल आणि घाट झाले, विमानतळ वाढला, शहरी गरिबांच्या घरकुलांची योजनाही आली. सोहळ्याचा शहराला फायदा झाला, हे मान्यच करायला हवं. पण पाहुणा ज्या रस्त्यानं फिरतो तो रस्ता आणि आपण ज्या गल्लीत राहतो ती गल्ली यांत अंतर राहिलं. उन्हाळ्यात विष्णुपुरीची पातळी खाली गेली की नळ दोन-तीन दिवसांआड येतो. पावसाळ्यात त्याच विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नावघाट, गंगाचाळ, खडकपुरा इथली माणसं गाद्या डोक्यावर घेऊन शाळेच्या खोल्यांत जातात. २०२५च्या पावसाळ्यातही गेली.

पाणी ओसरलं की पंचनामा येतो, आणि पंचनाम्यावाला कागद मागतो. देगलूर नाक्याच्या आणि नदीकाठच्या वस्त्यांत कितीतरी घरं गुंठेवारीची आहेत, शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेला प्लॉट, सातबाऱ्यावर अजून मूळ मालकच. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१चा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीनं त्याची मुदत पुढे आणून बरीच नवी घरं त्यात घेतली. अर्ज किती जणांनी केला? मी वस्तीत हे विचारतो तेव्हा 'आमच्या भागाकडे कुणी लक्षच देत नाही' असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही. पण लक्ष देत नाहीत हे सिद्ध करायलासुद्धा हातात पोच लागते. अर्ज दिला, तारीख पडली, मुदतीत उत्तर आलं नाही, एवढं असलं तर पुढे भांडता येतं. तोंडी तक्रारीचं कुठं काही होत नाही.

नगरसेवक हे त्याचं उत्तर आहे, असं आपण बरीच वर्षं धरून चाललो. २०१२मध्ये या शहरानं एमआयएमचे अकरा नगरसेवक निवडून दिले, देशभर चर्चा झाली. २०१७मध्ये त्याच पक्षाला एकही जागा मिळाली नाही आणि काँग्रेसला ८१पैकी ७३ मिळाल्या. ऑक्टोबर २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली. मग जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. त्या तीन वर्षांत ज्यांची कामं झाली त्यांनी ती कशी करून घेतली याची मी जमेल तेवढी चौकशी केली. दोनच प्रकार निघाले. एक, ज्यांची ओळख होती. दोन, जे लेखी अर्ज देऊन दर आठवड्याला जाऊन बसले. दुसऱ्या प्रकारात शिवणकाम करणाऱ्या दोन बायका होत्या. त्यांना कुठलाही कायदा पाठ नव्हता, फक्त पोच जपून ठेवायची सवय होती.

कायदा मात्र आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कुठली सेवा किती दिवसांत मिळायला हवी, ती देणारा अधिकारी कोण, न दिल्यास पहिलं आणि दुसरं अपील कुणाकडे, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. मुदत विनाकारण मोडली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी ही रोजची कामं यात येतात. तरीही कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसणाऱ्या एजंटकडे आपली गर्दी असते. तो फॉर्म भरतो, पैसे घेतो, 'आठ दिवसांनी या' म्हणतो आणि अर्जाचा क्रमांक स्वतःच्या वहीत ठेवतो. क्रमांक त्याच्याकडे राहिला की हक्कही त्याच्याकडेच राहिला.

आणि फॉर्म भरताना तो काय लिहितो, इकडे या.

आपल्या नावांची मराठीत जी दशा होते ती नोंदवायची तर वेगळं पुस्तक लागेल. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर 'शेख रहीम शेख करीम', आधारवर 'रहिम करिम शेख', रेशनकार्डावर 'शे. रहीम शे. करीम' आणि मतदारयादीत 'रहिम शेक'. मोहम्मद कुठे 'महंमद', कुठे 'मो.', कुठे 'मोहमद'. झाकीरचा जाकीर, सय्यदचा सैयद. बायकांचं तर विचारू नका. निकाहाआधी 'शबाना बेगम शेख मेहबूब', नंतर 'शबाना बी शेख सलीम', मुलाच्या जन्मनोंदीत नुसतं 'शबाना'. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येताना प्रत्येक टेबलावरचा माणूस कानाला ऐकू आलं तसं लिहितो. त्याच्या मनात पाप असतं असं नाही. आपल्यातला कुणी समोर उभा राहून 'झ लिहा, ज नको' असं म्हणत नाही, एवढंच.

ही चूक पूर्वी पासपोर्टच्या वेळी कळायची आणि आखाती देशातली नोकरी महिनाभर लांबायची. आता दिवस बदलले आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्या बाळाला शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा राहणार आहे. दुसरीकडे, जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारनं उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या दाखल्यांची चौकशी करायला विशेष तपास पथक नेमलं. मालेगाव, अकोला, अमरावती ही नावं महिनोन् महिने बातम्यांत होती आणि 'उशिरा दाखला काढला म्हणजे घुसखोर' असा सरसकट सूर लावला गेला. हा सूर घाणेरडा आहे, त्याला विरोध केलाच पाहिजे, आपण करतोही. घरात बाळंत झालेल्या, दवाखान्याचं तोंड न बघितलेल्या आजीकडे १९५५ सालचा दाखला कुठून येणार? पण आज, या महिन्यात, आपल्या शहरात जन्मणाऱ्या बाळाच्या नोंदीला उशीर का व्हावा? एकवीस दिवसांत नोंद केली तर शुल्क नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तिथून पुढे सगळं संशयाच्या नजरेखाली. नाव ठरलं नसेल तर नोंद नावाविना होते. वर्षभरात नाव शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

बाळांचा विषय निघाला म्हणून. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यातली बारा नवजात बालकं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आठवडाभर कॅमेरे विष्णुपुरीत होते, मग गेले. नांदेडच नाही, हिंगोली, परभणी आणि तेलंगणाच्या सीमेवरची गावंही त्या रुग्णालयावर अवलंबून आहेत. गरिबाला डॉक्टर लेनचे दर परवडत नाहीत. त्या बारा बाळांत कोण कुठल्या जातीधर्माचं होतं हे मी शोधलं नाही, तुम्हीही शोधू नका. एवढं बघा की सरकारी रुग्णालयात खाटा, औषधं, परिचारिका पुरेशा आहेत की नाही हे माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि असे अर्ज करणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतली नावं मला फार थोडी दिसतात. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी आपण मोर्चा काढतो. तो काढलाच पाहिजे. प्रसूती कक्षासाठी एकदाही काढला नाही, याचं मला वाईट वाटतं.

तर आमचं मागणं एवढंच आहे. शहरात राहणाऱ्या वाचकांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. जागा कुठलीही चालेल, मशिदीचा हॉल, वाचनालय, कुणाचा ओटा. शेजारपाजारच्या दहा घरांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले शेजारी शेजारी ठेवून नावं, जन्मतारखा, आईचं नाव तपासायचं. जिथं फरक दिसेल तिथं दुरुस्तीचा अर्ज स्वतःच्या हातानं मराठीत लिहायचा आणि त्या घरातल्याच माणसाला घेऊन कार्यालयात जायचं. मुलींनी यात पुढं असावं, कारण बायकांच्या कागदांतल्या चुका सर्वांत जास्त आहेत आणि त्या पुरुष कार्यकर्त्यांपुढे काढल्या जात नाहीत. मूळ कागद कुणाकडूनही ठेवून घ्यायचे नाहीत, मोबाइलवर फोटोही त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. शेजारी मराठा असो, मातंग असो, त्याचे कागद आले तर तेही बघायचे. चुका त्यांच्याही असतात, फक्त त्यांना त्यांचा जाब वेगळ्या सुरात विचारला जातो.

पुढच्या अंकापासून एक पान या कामासाठी ठेवत आहोत. कुठल्या प्रभाग कार्यालयात सेवांचा फलक लागलेला आहे, कुठल्या ठिकाणी नाही, दुरुस्तीला किती दिवस लागले, कुठला कागद नियमात नसताना मागितला गेला, हे लिहून पाठवा. अर्जदारांची नावं छापली जाणार नाहीत. मजकूर मराठीत पाठवा किंवा उर्दूत, आम्ही दोन्हीकडे उतरवून घेऊ. आणि घरात शिकस्ता वाचणारे आजोबा असतील तर तेही कळवा. वर्गासाठी जागा मिळायच्या आधी शिकवणारे मिळायला हवेत.